बुडालेल्या बोटींचा हिशेब

येत्या नोव्हेंबरात आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं पूर्ण होतायत, म्हणून मुंबई-गोवा क्रूझची तीन तिकिटं काढून ठेवली. वाटलं होतं, मंडळी खूश होतील. आईचं म्हणणं एका वाक्यात संपलं : "विमानाने कुठेही ने, बोटीत नको."

तिला मी फार दोष देत नाही. माझ्या आजीचं माहेर अलिबागकडचं. तिचा एक चुलतभाऊ १९४७ साली 'रामदास' बोटीत गेला, तो परत मिळालाच नाही. आजी समुद्राला नमस्कार करायची, नारळ द्यायची, पण साध्या लाँचमध्येही पाऊल टाकायची नाही. आईने ते तसंच उचललं. आणि खरं सांगायचं तर थोडंफार माझ्यातही उतरलंय. मला पोहता येतं, पण तो तरणतलाव झाला. चारी बाजूंना पाणी, किनारा कुठेच नाही आणि पायाखाली किती खोल आहे ते माहीत नाही... हे चित्र नुसतं डोळ्यासमोर आणलं तरी पोटात गोळा येतो. ह्या भीतीला 'थॅलॅसोफोबिया' असं भारदस्त नाव आहे, पण नाव कळल्याने भीती कमी होत नाही हेही लगेच कळलं.

आमच्या धंद्यात सर्व्हर आडवा झाला की दुसऱ्या दिवशी 'आरसीए' लिहावा लागतो, म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. कंटाळवाणं काम आहे, पण दहा-पंधरा आरसीए ओळीने वाचले की सिस्टिमची भीती जाते आणि तिच्याबद्दल अक्कल येते. म्हटलं, बोटींच्या बाबतीत हाच प्रयोग करून बघू. गेले काही शनिवार-रविवार मी बुडालेल्या बोटींबद्दल वाचत बसलो होतो. (आईला सांगितलं की गोव्याची माहिती वाचतोय.) त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सिंधुबंदी : भीती कशाची होती?

आपल्याकडे समुद्राच्या भीतीला धर्माचा शिक्का होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पतन घडवणाऱ्या कृत्यांत मोजलंय आणि पुढे कलियुगात वर्ज्य गोष्टींच्या यादीतही तो आला. गंमत म्हणजे त्याच बौधायनाने उत्तरेकडचे लोक समुद्रावर जातात अशी नोंदही केलेली आहे. म्हणजे लोक जात होते, म्हणून तर बंदी घालावी लागली!

ह्या बंदीमागची भीती बुडण्याची नव्हती, बाटण्याची होती. १७८१ साली राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला पाठवलं. तिथे त्याच्या जेवणाची पंचाईत झाली. एडमंड बर्क ह्या प्रसिद्ध खासदाराने आपल्या घरचं काचेचं रोपघर त्याला सोवळ्यात स्वयंपाक करायला मोकळं करून दिलं. इतकं सगळं पाळूनही परत आल्यावर प्रायश्चित्त सुटलं नाही. सोन्याच्या योनीतून जाऊन त्याला नवा जन्म घ्यावा लागला, अशी त्या काळातली नोंद आहे.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज स्वतः मालवणहून गलबतांनी कर्नाटकातल्या बसरूरवर गेले होते. सिंधुदुर्गाचं बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालं होतं, त्याला जेमतेम तीन महिने झालेले. म्हणजे एका बाजूला राजा गलबतात बसतोय आणि दुसऱ्या बाजूला बंदी चालूच आहे. ती पुढेही चालूच राहिली. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कोलकात्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना आधी श्रीरामपूरला जाहीर भाषण करून 'मी का जाते' आणि 'हिंदू म्हणूनच परत येईन' हे लोकांना सांगावं लागलं. एप्रिलमध्ये निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. दोन महिने! आपण दोन रात्रींच्या क्रूझसाठी गोळ्या शोधतोय.

असो. मुद्दा असा की 'आपल्या रक्तातच समुद्राची भीती आहे' वगैरे आपण म्हणतो, त्यात तथ्य कमी आहे. आपल्या रक्तात आगरी, कोळी, भंडारी, खारवी, दालदी सगळेच आहेत.

विजळी, १८८८

आता बुडण्याकडे वळू. 'वैतरणा' नावाची एक आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला यायची. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळात ही केवढी नवलाई, म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ ला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. मागे काहीही सापडलं नाही. सातशेहून अधिक माणसं गेली असं मानतात. त्यात मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेली मुलंही होती. कप्तान हाजी कासम आणि ही बोट गुजराती लोकगीतांत अजून आहेत.

नंतर मुंबई सरकारने चौकशी केली. निष्कर्ष काय, तर माणसांच्या मानाने जीवरक्षक नौका आणि इतर साधनं अपुरी होती. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण चोवीस वर्षांनी जगातल्या सर्वात प्रसिद्ध बोटीबद्दल हेच वाक्य लिहायची वेळ आली.

टायटॅनिक आणि एक जुना आकडा

टायटॅनिकची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण माझं लक्ष गेलं ते एका तक्त्याकडे. ब्रिटिश कायद्यात बोट किती टनांची, त्यावरून जीवरक्षक नौका किती हे ठरायचं. तो तक्ता १८९४ च्या सुमाराचा. त्यात सर्वात वरचा गट होता '१०,००० टन आणि त्यापुढे', त्यासाठी १६ नौका. टायटॅनिक होती ४६ हजार टनांची! तिच्यावर २० नौका होत्या, म्हणजे कायद्यापेक्षा जास्तच. त्यांत जागा ११७८ जणांची आणि बोटीवर माणसं सुमारे २२००. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आणि पंधराशे माणसं गेली. बोटी वाढत गेल्या आणि तक्ता तिथेच राहिला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट वायरलेसची. जवळच 'कॅलिफोर्नियन' नावाची बोट रात्रीपुरती थांबली होती. तिच्यावर वायरलेस ऑपरेटर एकच, तो दिवसभर काम करून यंत्र बंद करून झोपायला गेला आणि थोड्याच वेळात, ११ वाजून ४० मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगाला धडकली. ऐकायला कोणी जागं नव्हतं.

ह्यातून जानेवारी १९१४ मध्ये लंडनला 'सोलास' करार झाला. समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा करार. प्रत्येकासाठी नौकेत जागा, चोवीस तास वायरलेसवर पहारा, हिमनगांवर नजर. पहिलं महायुद्ध आल्यामुळे तो पूर्णपणे लागू झालाच नाही. मग १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ अशा आवृत्त्या निघाल्या. १९७४ चीच आवृत्ती दुरुस्त्या होत होत अजून चालू आहे.

इथे एक आडवळण घेतो. टायटॅनिकनंतर अमेरिकेतही नौका वाढवा असा रेटा आला. शिकागोच्या नदीत 'ईस्टलँड' नावाची एक सहलीची बोट होती, मुळातच वरून जड. तिच्या वरच्या मजल्यावर आणखी नौका चढवल्या. २४ जुलै १९१५ ला एका कंपनीचे कामगार बायकापोरांसह सहलीला निघाले आणि ती बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. ८४४ माणसं गेली. पाणी जेमतेम वीसेक फूट! सुरक्षेसाठी केलेला बदल टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकला, त्याचा हा परिणाम. हे वाचल्यावर मी थोडा वेळ काहीच वाचलं नाही.

रामदास

'रामदास'पर्यंत यायला मला तीन शनिवार लागले. ते मुद्दाम होतं.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटी तेव्हा एका स्वदेशी कंपनीच्या होत्या, लोक तिला आपलेपणाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ ला कोकणच्या किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी बुडालेल्या. म्हणजे धडा आधीच मिळालेला होता.

१७ जुलै १९४७. आषाढाची अखेर, गटारीचा मुहूर्त, घरी जायची घाई. सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. पावसाळी हवा, चढलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सुटल्यापासून तासाभराच्या आत हे सगळं संपलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईला बातमी पोचायला कित्येक तास लागले. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून आपल्या होड्यांत घेतलं. त्यांच्याकडे सोलास नव्हतं की सायरन नव्हता. समोर माणसं बुडतायत एवढं पुरलं. महिन्याभराने स्वातंत्र्य आलं आणि त्या गर्दीत ही गोष्ट रायगडातल्या घराघरांतच राहिली.

हे आईला वाचून दाखवलं. तिला तारीख माहीत होती, काशाचा खडक माहीत होता, पण कोळ्यांचं माहीत नव्हतं. आजीने तेवढंच सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "म्हणजे किनाऱ्याजवळच होते की रे!"

नेमकं तेच.

किनारा दिसत होता

आतापर्यंतची यादी परत बघा. ईस्टलँड धक्क्याला बांधलेली. रामदासवरून दोन्हीकडची जमीन दिसावी अशी जागा. विजळी किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत 'कोस्टा कॉनकॉर्डिया' ही अजस्र क्रूझ बोट जिल्यो बेटाच्या इतक्या जवळून नेली की खडकाने तिचं पोट फाडलं. सुमारे ४,२०० पैकी ३२ जण गेले. मी ज्या 'किनारा दिसत नाही' ह्या गोष्टीला घाबरत होतो, त्या गोष्टीचा ह्यांतल्या बहुतेक अपघातांशी काहीच संबंध नाही. जुने खलाशी वादळात खुला समुद्र पसंत करतात ते ह्यामुळेच. तिथे आपटायला काही नसतं.

आणि खोलीचं म्हणाल तर बोटीला पाच मीटर पाणी पुरत असेल, तर खाली पन्नास मीटर आहे की पाच हजार, तिला काय फरक पडतो? ती तरंगते ती तिने बाजूला सारलेल्या पाण्यावर. शिवाय मुंबईपुढे समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो. मुंबई-गोवा वाटेवर बहुतेक ठिकाणी पाणी शंभर मीटरच्या आतलं आहे. टायटॅनिक पडली आहे ती ३,८०० मीटरवर.

कलंडण्याचं काय? क्रूझ बोट दिसते चाळीसारखी उंच, पण इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या सगळं तळाशी असतं आणि वरचे मजले आतून पोकळ. लहानपणी ढकलला की परत उभा राहणारा बाहुला असायचा, तेच तत्त्व. पंधराशे प्रवासी एका बाजूला धावले तरी त्यांचं वजन शंभर टनांच्या आसपास, आणि बोट वीस-तीस हजार टन वजनाची. रामदाससारख्या छोट्या बोटीत सहा-सातशे माणसं म्हणजे चाळीसेक टन, ते मात्र तिला उलटवायला पुरतात.

मग उरलं काय?

भीती गेली असं मी म्हणणार नाही. तिची जागा बदलली. आता मला पाण्यापेक्षा ठरवणाऱ्या माणसांची जास्त काळजी वाटते. माल किती भरायचा, हवा बिघडलेली असताना निघायचं का, ह्या प्रश्नांची. १८७६ मध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या ब्रिटिश खासदाराने भांडून बोटींच्या अंगावर भाररेषा काढायला लावली, ती ह्याच भीतीपोटी. जास्त माल भरला की रेषा पाण्याखाली जाते आणि धक्क्यावरच्या कुणालाही ते दिसतं.

अरबी समुद्रात चक्रीवादळं मान्सूनच्या आधी आणि नंतर येतात. विजळी नोव्हेंबरात गेली, जयंती-तुकारामही नोव्हेंबरात, आणि आमचं तिकीटही नोव्हेंबरातलंच आहे. हे आईपासून लपवलं नाही. फरक एवढाच की हाजी कासमला पुढे काय आहे ते कळायला मार्ग नव्हता आणि आज उपग्रहामुळे वादळ काही दिवस आधी कळतं. पण नुसतं कळून भागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता. तरीही मुंबई हायजवळ 'पी-३०५' ही तराफाबोट राहिली आणि बुडाली. २६१ पैकी १८६ जणांना वाचवलं, ते नौदलाने आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रात जिवावर उदार होऊन. ७५ जण गेले. इशारा होता, ऐकला गेला नाही. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर निदान झोपलेला तरी होता.

म्हणून तिकिटाच्या अटी काढून वाचल्या. 'हवामानामुळे कंपनी मार्ग बदलू किंवा प्रवास रद्द करू शकते' ही ओळ. बाबा म्हणाले, "बघ, पैसे घेऊन हात वर करायची सोय." मला विचाराल तर सगळ्या कागदात तीच ओळ कामाची आहे. बोट रद्द झाली तर मी शिव्या देणार नाही, आभार मानीन.

आणखी एक. साठ-सत्तरच्या दशकात 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ह्या बोटींनी लाखो चाकरमानी मुंबईहून गावाला जायचे. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला... बंदर आलं की बोट बाहेर थांबायची आणि हेलकावणाऱ्या पडावात पोरंबाळं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या उतरवायच्या. त्यात आज्या असायच्या, बाळंतिणी असायच्या. पावसाळ्यात सेवा बंद, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. ऐंशीच्या दशकाअखेर ह्या बोटी थांबल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आपण समुद्राकडे पाठ फिरवली. आपल्या पिढीची भीती पूर्वजांकडून आलेली नसावी, सवय मोडल्यामुळे आलेली असावी, असा माझा अंदाज आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' आणि २०२१ पासून दुसऱ्या क्रूझ बोटी मुंबईहून निघू लागल्या, तेव्हा आपण ते काहीतरी नवीन म्हणून बघितलं. वाट जुनीच होती.

आता कामाचं. कॉनकॉर्डियावर त्याच दिवशी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची सुरक्षा कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. तो दुसरा दिवस आलाच नाही. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला : कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर लगेच. तुम्ही कधी गेलात तर सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू येईल. तेवढा वेळ फोन खिशात ठेवा, बुफे कुठेही पळून जात नाही. आपलं मस्टर स्टेशन कुठलं ते बहुधा केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. तिथपर्यंत एकदा लिफ्ट न वापरता जिन्याने चालत जाऊन या आणि वाटेतली दारं मोजा. जॅकेट एकदा अंगात घालून बघा. बरोबर म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही घालून दाखवा, त्यांचे पट्टे तुम्ही बांधू नका, त्यांना स्वतःला बांधू द्या.